दोर दिसला पाहिजे

ते कोणालाही तोंडाने थांबवत नसत. मूठ वळायची आणि खांद्याच्या उंचीवर धरायची, एवढेच. चहात साखर घालणारी बायको असो, सायकल घेऊन अंगावर येणारा शेजारी असो, की साहेबाचे गाऱ्हाणे सांगत सुटलेला मी असो, मूठ वर गेली की समोरच्याने थांबायचे. प्लांटमध्ये उंचावर बसलेला क्रेनवाला ती मूठ ओळखत असे. मग खाली आम्हाला ओळखायला काय अडचण होती?

ते खलाशी होते. बोटीवरचे नव्हेत. आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात क्रेनच्या हुकाला अवजड माल बांधून देणाऱ्या आणि नुसत्या हाताच्या खुणांनी क्रेन चालवून घेणाऱ्या माणसाला खलाशी म्हणतात. तिथल्या आवाजात बोलणे ऐकू येत नाही, म्हणून सगळे हातावर. ही सवय त्यांच्या घरी आली, बाजारात आली, लग्नाच्या पंगतीतही आली. एकदा वरण वाढणाऱ्याला त्यांनी अंगठा खाली करून तो बारीक बारीक हलवून दाखवला. म्हणजे, थोडे अजून सोडा. वाढप्याला वाटले वरण बिघडले आहे. तो भांडे घेऊन मागे फिरला. पलीकडच्या पंगतीतून त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणाल्या, "अवो, तो का क्रेन आहे? तोंड दिलं ना देवानं, मंग मागा की."

"देवानं नाही दिलं, मायनं दिलं," ते म्हणाले आणि पुन्हा अंगठा हलवू लागले.

दुसरी खूण शब्दांची होती. "झुलू द्या." हुकाला लटकलेला माल झुलायला लागला की नवा माणूस धावत जाऊन त्याला हात लावतो आणि बोटे गमावतो. जुना माणूस बाजूला उभा राहतो. माझे प्रमोशन अडकले तेव्हा ते म्हणाले, "झुलू द्या, बाबू. आपसूक थांबते." माझ्या आईचे आणि बायकोचे वाजले तेव्हाही तेच. मी टाउनशिपच्या ऑफिसात बाबू होतो, जमिनी आणि बागबगीचे यांच्या फायली माझ्या टेबलावर असत. वयाने ते माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणत असे. दोघेही विदर्भातले, ते भंडाऱ्याकडचे आणि मी वर्ध्याकडचा. सेक्टर दोनमध्ये आमचे क्वार्टर एकाच रांगेत होते. ते रोज "जय भीम, बाबू" म्हणत आणि मी रोज "नमस्कार" म्हणत असे. त्यांच्याच शब्दांत उत्तर द्यायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली, हेही इथेच सांगून टाकतो.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. तुमच्यापैकी जे कोणी त्या वर्षी आमच्या सेक्टरात राहत होते त्यांनी दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांना एका घोडीबरोबर रस्त्याने चालताना पाहिले असेल. तुम्ही पाहिलेत ते शेवटचे. त्याच्या आधीचे मला सांगायचे आहे, कारण त्यात माझाही भाग आहे आणि तो चांगला नाही.

ती घोडी खड्ड्यात सापडली. स्मृती नगरचे प्लॉट नुकतेच पडले होते आणि पाण्याच्या टाकीसाठी तिथे मोठा खड्डा खोदून ठेवला होता. जवळच्या जुनवानी गावापलीकडे मुरमाचा पडीक माळ होता, तिकडे त्याला भाठा म्हणतात. त्या भाठ्यावर फिरस्त्या लोकांनी एक लंगडी घोडी सोडून दिली होती. ती तिथेच व्याली आणि पुढे मेली. मागे राहिलेले शिंगरू रानातच वाढले. दीड-दोन वर्षांची ही पोरगी, माणसाचा हात तिला कधी लागलेला नव्हता. पावसात त्या खड्ड्याची कड खचली आणि ती पोटापर्यंत चिखलात गेली.

ऑफिसातून मला पाठवले होते. मी दादांना बोलावून नेले, कारण उचलायची गोष्ट म्हटली की मला दुसरे नाव सुचत नसे. ते खड्ड्याच्या कडेला बसून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "जीव असलेला माल मी आजवर उचलला नाही, बाबू." तरी ते खाली उतरले. पट्ट्यांना गोणपाट गुंडाळले, चिखलात हात घालून ते तिच्या पोटाखालून काढले, आणि बाहेर उभ्या असलेल्या चाकांच्या क्रेनला हाताने खूण केली. घोडी वर आली. चारही पाय हवेत, मान एका बाजूला. तिचा तो आवाज मी पुन्हा कुठल्या जनावराकडून ऐकलेला नाही. दादा खालून तळहात दाखवत होते, हळू, हळू, आणि ती वरून त्यांच्याकडेच पाहत होती.

संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर बसले. चहा निवला तरी हातात तसाच. "एवढी वर्सं झाली, लोखंडानं कधी माह्याकडे पाह्यलं नाही," ते म्हणाले. "हिनं पाह्यलं."

आमच्या सेक्टरामागे टाउनशिपची जुनी नर्सरी होती. रोपे दुसरीकडे हलवली होती, आत एक पत्र्याची शेड, हौद आणि भोवती काटेरी तारेचे कुंपण. तिथे घोडीला ट्रकमधून आणून सोडले होते. दिवाळीनंतर त्या जागेवर काम सुरू व्हायचे होते. तोवर कोणी तिला चालवत नेले नाही तर मोकाट जनावरे उचलणारा ठेकेदार तिला नेणार होता. त्याची रीत आम्ही पाहिलेली होती. पाय बांधायचे, पाडायचे, ट्रकमध्ये लोटायचे. पुढे वीटभट्टी.

जुनवानीत एक म्हातारे मंडल होते, म्हणजे गावातले चांगले जमीनवाले. त्यांच्या वडिलांच्या काळी घरी घोडा होता, म्हणून त्यांना हौस होती. दादा त्यांच्याकडे गेले. म्हाताऱ्याने एकच अट घातली. "घिरला के झन लाबे. अपन गोड म रेंगत आही, त राखहूं." ओढत आणू नकोस, आपल्या पायांनी चालत आली तर ठेवीन.

परतताना मी म्हटले, "दादा, तुम्हाला घोड्यातलं काय कळतं?"

"घोड्याचं काही मालूम नाही," ते म्हणाले. "पण तिले भेव माह्यं आहे. दुसरा कोणी जाऊन तिचं भेव कसं काढीन?"

खरी अडचण तीच होती. घोडी नर्सरीच्या माळ्याला पाहून बाजूला होई, मला पाहून कोपऱ्यात जाई. दादांना पाहिले की मात्र ती कुंपणाच्या कडेकडेने धावत सुटे, थांबतच नसे. पोटाखाली पट्टा घालणारा माणूस तिने बरोबर लक्षात ठेवला होता.

त्यांनी पहिल्यांदा पाळ्या बदलून घेतल्या. रोज एकाच वेळी आले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. म्हणून दिवाळीपर्यंत सगळ्यांच्या पहिल्या पाळ्या त्यांनी मागून घेतल्या, पुढे त्यांच्या दुपारच्या आणि रात्रीच्या पाळ्या करून देईन या बोलीवर. दोन वाजता सुटायचे आणि तीनच्या आत नर्सरीत. वहिनी शेजारणींना सांगत, "माही सवत आहे तिथं. चार पायाची आहे, म्हणून मी काही म्हणत नाही."

पहिले बारा-पंधरा दिवस ते नुसते बसले. मैदानाच्या मध्यभागी, तिच्याकडे पाठ करून. ज्या पट्ट्याने तिला उचलले होते तो आणि एक सुती दोर समोर जमिनीवर पसरून ठेवलेला. मी म्हटले, "हे कशाला? ती आणखी बिथरेल." ते म्हणाले, "दोर दिसला पाहिजे. लपवला का मंग तिले सगळीकडेच दोर दिसते."

ते डब्यातली भाकर खात, मला प्लांटमधल्या गमती सांगत, आणि घोडी धावून दमली की दुरून ऐकत उभी राहत असे. एक दिवस ती पट्ट्यापर्यंत आली. त्याचा वास घेतला, फुरफुरली, पळाली. दादांनी मान वळवली नाही. मला मात्र डोळ्याने विचारले, आली होती का? मी मान हलवली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे आले ते त्यांच्या मुलीच्या लग्नातही मी पाहिले नाही.

हात लागायला भादवा उजाडला. उलट्या हाताने खांद्याला स्पर्श आणि लगेच हात मागे. "हात ठेवणं सोपं आहे," ते म्हणत. "तिनं हटायच्या आधी आपण काढून घ्याचा, ते कठीण." मग मानेला हात, मग पाठीला. मग दोर नुसता पाठीवर टाकायचा, खाली घसरू द्यायचा, पुन्हा टाकायचा. ऑफिस सुटले की मी तिथे जात असे. मीही तिच्याजवळ जाऊ लागलो. माझ्या हातचे हरभरे तिने एकदा खाल्ले आणि मी घरी येऊन दोनदा सांगितले.

आता जे सांगायचे आहे ते मी आजवर कागदावर उतरवलेले नाही.

दसरा जवळ आला होता. दरवर्षी दसऱ्याला दादा नागपूरला दीक्षाभूमीवर जात. एकही वर्ष चुकलेले नव्हते. वहिनींनी शिदोरीची तयारी सुरू केली होती, सगळ्यांची पांढरी कापडे धुऊन इस्त्री झाली होती. त्याच्या आधीच्या शनिवारी साहेबांनी मला विचारले, "बाबू, जानवर रस्सी में आता है कि नहीं? सोमवार को मैं खुद देखूंगा. नहीं आता, तो ठेकेदार को बोल देते हैं."

मी हे दादांना सांगायला हवे होते. सांगितले नाही. मला वाटले, आपणच करून दाखवू. आणि खरे सांगायचे तर घोडी वाचवण्यापेक्षा मला हेच जास्त हवे होते, की दादांना तीन महिने लागले ते मला एका सकाळी जमावे आणि साहेबाने ते पाहावे.

रविवारी दादा पहिल्या पाळीला होते. मी एकटाच नर्सरीत गेलो. शेडमध्ये खिळ्याला त्यांचा खाकी शर्ट टांगलेला असे, घोडीजवळ जाताना ते तोच घालत. तो मी अंगात घातला. दोराचा फास करून शर्टाच्या आत पोटाशी दडवला. हरभऱ्याची बादली घेतली आणि त्यांच्यासारखी पाठ करून उभा राहिलो.

ती आली. सरळ आली, कान पुढे करून. तिचे तोंड बादलीत गेले. मी वळलो आणि फास टाकला.

फास मानेत पडला, पण दुसरे टोक मी मनगटाला गुंडाळले होते. तिने मला वीस-पंचवीस पावले फरफटत नेले, दोर निसटला आणि ती सरळ काटेरी तारेवर गेली. मी उठलो तेव्हा तिची छाती फाटली होती. रक्त पुढच्या पायावरून खुरापर्यंत येत होते. ती कोपऱ्यात उभी राहून थरथरत होती. मान झाडल्यावर फास आपोआप खाली पडला. मी तो उचलला, शेडच्या मागे फेकला, शर्ट झटकून पुन्हा खिळ्याला लावला आणि घरी जाऊन आंघोळ केली.

दुपारी ते धावत माझ्या दाराशी आले. "बाबू, काय झालं तिले?"

"पहाटे कुत्री शिरली असतील," मी म्हणालो.

माझ्या मनगटावर दोराचा वळ होता, मी बाही ओढून घेतली. "कुत्रे म्हणता," ते म्हणाले. "बरं."

आम्ही दोघे नर्सरीत गेलो. त्यांनी खिळ्यावरचा शर्ट काढला, घालायला म्हणून डोक्यापर्यंत नेला आणि तसाच खाली घेतला. मी तेव्हा डोक्याला आवळ्याचे तेल लावत असे. त्या तेलाचा वास पुष्कळ वेळ राहतो. त्यांनी शर्टाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि म्हणाले, "ह्या शर्टानं आता काम नाही होत."

एवढेच. त्या दिवशी ते बनियनवर आत गेले आणि घोडी त्यांना पाहून पहिल्या दिवसासारखी कुंपणाच्या कडेने लंगडत धावत सुटली. तिला धावू द्यायचे नाही म्हणून ते लगेच बाहेर आले आणि तारेच्या खांबाला टेकून बसले.

सोमवारी साहेब आले, जखम पाहून म्हणाले, "ऐसी हालत में कौन ले जाएगा? दीवाली तक रहने दो." म्हणजे माझ्या पापाने तिला वीस-बावीस दिवस मिळाले. यावर समाधान मानण्याचा प्रयत्न मी अनेकदा केला आहे. जमले नाही.

त्या वर्षी दादा नागपूरला गेले नाहीत. वहिनी आणि मुली गेल्या. दसऱ्याच्या दिवशी ते पांढरा सदरा घालून नर्सरीत बसले होते. हातात एक लांब बांबू, बांबूच्या टोकाला नर्सरीतलीच जुनी झारी बांधलेली आणि झारीत हळदीचे कोमट पाणी. जखमेला हात लावू देत नव्हती, म्हणून ही युक्ती. पहिल्या दिवशी पाणी तिच्यापासून दहा हातांवर पडले. रोज दोन-अडीच हात जवळ. पाचव्या दिवशी पाणी छातीवर पडले आणि ती उभी राहिली. पांढऱ्या सदऱ्यावर हळदीचे डाग पडलेले पाहून वहिनी परतल्यावर म्हणाल्या, "मी तिकडे काय गेली, यायनं इकडे हळद लावून घेतली." दादा हसले. मी हसू शकलो नाही.

पुन्हा जमिनीवर दोर. पुन्हा पाठ करून बसणे. पुन्हा उलटा हात. मी कुंपणाबाहेर उभा राहत असे, आत जायची मला लाज वाटे. आठवड्याने त्यांनीच बोलावले. "या आत. बसा इथं. तिनं तुमाले पाह्यलं पाहिजे." मग रोज त्यांच्या शेजारी मला बसवू लागले. का, ते मला तेव्हा कळले नाही. मला वाटले शिक्षा आहे, आणि ती मी आनंदाने घेतली.

धनत्रयोदशीला रजा टाकून सकाळीच त्यांनी सुती दोराची मोरखी तिच्या तोंडावरून चढवली. आधी तिला हुंगू दिली, मग चढवली. कोणी धरले नाही, कोणी ओढले नाही. फाटक उघडले आणि घोडी त्यांच्या खांद्याशी खांदा लावून बाहेर आली. सेक्टर दोनचे लोक ओट्यांवर उभे होते. कोणीतरी म्हणाले, "खलासी, घोड़ी चढने चले क्या?" दादांनी मूठ वर केली आणि सगळा रस्ता गप्प झाला. माझा त्यात काहीच वाटा नव्हता, तरी मला इतका अभिमान आयुष्यात दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही. या माणसाच्या रांगेत माझे क्वार्टर आहे, हे मला रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगावेसे वाटत होते.

क्वार्टर संपले, शेताचा रस्ता लागला. तिथे ते थांबले आणि दोराचे टोक माझ्यापुढे धरले.

"धरा."

"मी नाही, दादा."

"उद्यापासून माह्या सेकंड आणि नाइट सुरू. सगळ्यायच्या पाळ्या करून द्याच्या आहेत. पहिले काही दिवस तिच्यापाशी ओळखीचं कोणी पाहिजे. दुसरं कोण आहे?"

मी दोर घेतला. घोडीची मान ताठ झाली. कान मागे गेले. मी चालू लागलो तसा दोर ताणला गेला आणि ती जागची हलली नाही. माझ्याने राहवले नाही. "दादा, कुत्री नव्हती त्या दिवशी," मी म्हणालो.

"मले मालूम आहे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून तिची जखम भरत होती काय?" ते म्हणाले. मग घोडीकडे बोट केले. "तिलेही मालूम आहे, कोण होतं. दोर सैल सोडा. तुमी पुढे पाहून चाला. आली तर येईन."

मी दोर सैल सोडला आणि पुढे पाहून चालू लागलो. मागे काहीच आवाज नाही. आठ-दहा पावले. मग मुरमावर खूर वाजले. मी वळून पाहिले नाही. जुनवानीपर्यंत मी वळून पाहिले नाही. मंडलांनी फाटक उघडले, घोडी आपल्या पायांनी आत गेली, आणि म्हातारा हात जोडून बाजूला झाला.

दादांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. निवृत्तीनंतर ते गावी गेले आणि तिथेच वारले. मला महिन्याने कळले. खांदा द्यायला मी नव्हतो. भिलाईत त्यांचे नाव कुठे लिहिलेले नाही. तेवढ्यासाठीच हे लिहिले.

त्या दिवाळीतले तीन दिवस मी सकाळी ऑफिसच्या आधी मंडलांच्या शेतात जाऊन बसलो. घोडी लांब उभी राही. चौथ्या दिवशी ती आली आणि माझ्या खांद्यावरून पुढे झुकून तिने माझ्या हातातले हरभरे खाल्ले. आजूबाजूला कोणी नव्हते. हे आधी त्यांनाच सांगायचे म्हणून मी जेवणाच्या सुटीत सायकल मारत प्लांटच्या फाटकाशी गेलो. दुसऱ्या पाळीचे लोक आत शिरत होते. ते डबा लावलेली सायकल ढकलत गर्दीत होते.

"दादा, आली," मी दुरूनच म्हटले. "हातातून खाल्लं."

त्यांनी मान हलवली. गर्दी त्यांना आत ढकलत होती. "पाणी पेली काय?" त्यांनी विचारले.

मी पाहिलेच नव्हते. मी काही म्हणायच्या आत ते फाटकातून आत गेले होते. मी सायकल वळवली आणि ऑफिसचा रस्ता सोडून पुन्हा जुनवानीकडे निघालो.